टोगाफ पास झालात? प्रिन्सिपल्स लिहायची घाई करू नका

आमच्याकडे नवीन आलेली मुलं टोगाफ, म्हणजे कंपनीची आयटी रचना कशी आखायची त्या पद्धतीची परीक्षा, पास झाली (४० प्रश्नांचा पहिला पेपर, ८ सिनॅरिओचा दुसरा, तो पुस्तक उघडून देता येतो) की आठवड्याभरात विचारतात, सर प्रिन्सिपल्सचं (आयटीचे निर्णय ज्यावर घ्यायचे त्या तत्त्वांचं) टेम्प्लेट आहे का? मीपण तेच केलं होतं, म्हणून माझी फजिती सांगतो.

एका विमा कंपनीत एंटरप्राइज आर्किटेक्ट (अख्ख्या कंपनीच्या सिस्टीम्सची रचना आखणारा) म्हणून लागलो आणि टोगाफमधली नमुन्याची तत्त्वं उचलून १८ ची स्लाइड केली, डेटा ही मालमत्ता आहे, डेटा सगळ्यांसाठी आहे, टेक्नॉलॉजीचा पसारा आटोक्यात ठेवा वगैरे वगैरे. सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त क्लेम्सच्या मॅडम म्हणाल्या, "बरं, मग उद्यापासून आम्ही काय बंद करायचं?" मी गप्प. नंतर कळलं की त्यांची माणसं ग्राहकांच्या मोबाइल नंबरची वेगळी एक्सेल ठेवायची, कारण मेन सिस्टीममध्ये बऱ्याच पॉलिसींवर नंबर एजंटचाच टाकलेला! म्हणजे "डेटा सगळ्यांसाठी" म्हणायचं तर आधी ते नंबर दुरुस्त करायचे, ते कोण करणार, पैसे कुठल्या खात्यातून, आणि तोपर्यंत क्लेमवाल्या माणसाला फोन कुठल्या नंबरवर लावायचा, यातलं एक अक्षर माझ्या स्लाइडवर नव्हतं.

टोगाफच्या साच्यात तत्त्वाचे चार भाग असतात, नाव, विधान, कारण आणि इम्प्लिकेशन्स (म्हणजे परिणाम). पहिले तीन सगळे झोकात लिहितात, चौथ्यात दोन ओळी खरडतात. खरा मामला चौथ्यातच आहे, कोणाचं काय बंद होणार आणि खर्च कोणाच्या माथी ते तिथे लिहायचं असतं. आम्ही शेवटी १८ ची ५ केली. चाळणी साधी, वाक्य उलटं करून बघा. "सिस्टीम सुरक्षित हवी" याच्या उलट कोण बोलेल? बाद. "आधी विकत घ्या, नाहीच मिळालं तर बनवा" याच्या उलट बोलणारी शहाणी माणसं प्रत्येक मीटिंगमध्ये भेटतात, म्हणून ते ठेवलं.

हे झालं कंपनीचं, पण आपल्या धंद्याचं काय? इमारतीच्या आर्किटेक्टला १९७२ च्या कायद्याखाली कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते, गैरवर्तन केलं तर नाव कटू शकतं. आपण लिंक्डइनवर पद बदललं की झालो आर्किटेक्ट! आपल्या क्षेत्राचा पाया घालणाऱ्या जॉन झॅकमनने १९८७ मध्ये आयबीएमच्या जर्नलमध्ये त्याचा आराखडा मांडला तो इमारतीच्या आर्किटेक्टचीच उपमा घेऊन, नकाशे आपण तिकडून आणले, नोंदणी-बिंदणी तिकडेच राहिली.

म्हणून आम्ही चार-पाच जणांनी आपापसात ठरवलंय. एखाद्या प्रोजेक्टला ठरलेल्या तत्त्वातून सूट द्यायची तर लेखी आणि संपायच्या तारखेसकट (टोगाफवाले याला डिस्पेन्सेशन म्हणतात), तारीख नसेल तर ती सूट कायमची होऊन बसते, अनुभव आहे. आपलंच जुनं डिझाइन चुकलं असेल तर बोर्डासमोर आपणच सांगायचं, ज्युनियरला पुढे करायचं नाही. आणि व्हेंडरकडून काय घेतलं ते वहीत लिहायचं, चहा सोडून. यावर खूप वाद झाला, एक जण म्हणाला आपण काय तहसीलदार आहोत का. पण ज्याच्या खर्चाने जेवलो त्याच्याच प्रॉडक्टला मार्क द्यायला बसलो की हात आपोआप सैल सुटतो, माझा सुटलाय.

वहीतली पहिली नोंद माझ्याच नावावर आहे. दिवाळी, सुकामेवा, दोन किलो.