बंपर बदलला, पण आतलं कोण बघणार? माझा क्लेमचा अनुभव

तावडे हॉटेलजवळ पुढच्या टेम्पोनं एकदम ब्रेक मारला आणि माझी गाडी गेली त्याच्यात. कुणाला लागलं नाही, पण बंपर फुटला, बॉनेट वर आलं. पहिलं काम केलं ते गाडी हलवायच्या आधी फोटो आणि तिथूनच विमा कंपनीला फोन, हे लई कामाला आलं.

कंपनीचा नुकसान तपासणारा सर्व्हेअर आला, वरवर बघून बंपर-बॉनेट लिहून गेला. बंपर उघडल्यावर कळलं की आतला क्रॉस मेंबर, म्हणजे बंपरमागचा आडवा दांडा, वाकलाय आणि एसीचा कंडेन्सरपण गेलाय. गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, ठोकून सरळ करतो, काय कळत नाय." अरे भावा, उद्या परत धडकलो तर पहिला मार तो दांडाच झेलणार की! मी काम थांबवलं, उघडलेल्या गाडीचे फोटो काढले, वाढीव एस्टिमेट मेलवर पाठवून परत सर्व्हे मागितला. फोनवर नुसतं "बघतो सर" चाललेलं, म्हणून आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी आणि पंधरा दिवस वाट बघून विमा नियामक IRDAI च्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकली, मग मात्र सर्व्हेअर स्वतःहून आला.

दोन्ही पार्ट नवीन मंजूर झाले. झिरो डेप (पार्टची झीज न कापणारं जादा कव्हर) नसल्यानं प्लास्टिक बंपरचे ५० टक्के माझ्या खिशातून, वर १००० रुपये सक्तीची कपात, ती १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला असतेच. गाडी घेताना जुने पार्ट डिकीत टाकून दाखवायला लावले. गॅरेजवाला जरा फुगला, फुगू दे.