लिस्बनमध्ये चार दिवस: फिरताना आणि खाताना या चुका टाळा

युरोपच्या सहलीत लिस्बनच्या वाट्याला बहुतेक वेळा उरलेला दीड दिवस येतो. पॅरिस झालं, बार्सिलोना झालं, परतीचं विमान लिस्बनहून स्वस्त पडतंय, मग जाता जाता तेही बघून घेऊ, असा हिशेब असतो. माझी पहिली भेट अशीच झाली. ट्रामच्या रांगेत एक तास, नदीकाठच्या बेलेम भागातल्या रांगेत दीड तास, आणि रात्री बॅग भरताना लक्षात आलं की शहरात आपण निवांत असे कुठे बसलोच नाही. दुसऱ्या वेळी आई-बाबांना घेऊन चार दिवस राहिलो, तेव्हा हे शहर कळायला लागलं. पहिल्या भेटीतल्या चुका आणि दुसऱ्या भेटीत सापडलेले मार्ग इथे लिहितो आहे.

नकाशावरचं अंतर खरं मानणं

लिस्बन टेकड्यांवर वसलेलं आहे. मोबाइल सांगतो, टेकडीवरचा सां जोर्जचा किल्ला सहाशे मीटरवर, चालत दहा मिनिटं. त्या सहाशे मीटरांत दोनशे पायऱ्या आहेत हे तो सांगत नाही. आईचे गुडघे पहिल्याच संध्याकाळी बोलायला लागले, तेव्हा मी चढ टाळायच्या युक्त्या शोधल्या.

बाइशा हा नदीकाठचा सपाट भाग. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात तो कोसळला आणि पोंबालचा मार्किस या तेव्हाच्या मंत्र्याच्या काळात सरळ, काटकोनी रस्त्यांनी नव्याने बांधला गेला. इथून शियादोला जायचं असेल तर रस्त्याने चढू नका. बाइशा-शियादो या मेट्रो स्टेशनचं एक दार खाली बाइशात आहे आणि दुसरं वर शियादोत, मध्ये लांबच लांब सरकते जिने. किल्ल्याच्या बाजूला जायचं असेल तर रुआ दुश फांकेरुश या रस्त्यावरच्या एका इमारतीत फुकट लिफ्ट आहे. ती वरच्या रस्त्यावर सोडते, तिथून थोडं चालून सुपरमार्केटच्या इमारतीतली दुसरी लिफ्ट घ्यायची. निम्म्याहून जास्त चढ वाचतो.

सांता जुस्ता ही १९०२ सालची लोखंडी लिफ्ट, उंची ४५ मीटर. तिच्या खाली तासभर उभं राहण्याची गरज नाही. कार्मोच्या चौकातून चालत तिच्या वरच्या पुलापर्यंत पोचता येतं, आणि त्याच चौकात भूकंपात छप्पर गेलेला कार्मोचा मठ आहे. तो आवर्जून बघा. मोकळ्या आकाशाखाली उभ्या कमानी पाहिल्या की १७५५ साली या शहराचं काय झालं असेल ते समजतं.

जुने व्हिडिओ पाहून चढावरच्या पिवळ्या फ्युनिक्युलर गाड्या मात्र बेतात गृहीत धरू नका. ३ सप्टेंबर २०२५ रोजी ग्लोरिया मार्गावरच्या गाडीची केबल तुटली आणि १६ माणसं गेली. त्यानंतर या गाड्या तपासणीसाठी बंद केल्या गेल्या. निघण्यापूर्वी कोणती चालू आहे ते बघा, आणि ग्लोरियाच्या उतारावरून गेलात तर क्षणभर थांबा.

आता पायाखालचं. इथले फुटपाथ पांढऱ्या-काळ्या चुनखडीच्या छोट्या दगडांचे, हाताने बसवलेले. पावलांनी घासून ते गुळगुळीत झालेत आणि पावसात अक्षरशः साबण लावल्यासारखे होतात. नवे कोरे बूट किंवा सपाट तळव्याच्या चपला घालून जाऊ नका. पकड असलेला रबरी तळवा हवा.

याच कारणासाठी अल्फामा या टेकडीवरच्या जुन्या वस्तीत खोली घेताना दोनदा विचार करा. गल्ल्या सुंदर, वाळत घातलेले कपडे, खिडकीत कुंड्या, सगळं खरं आहे. पण टॅक्सी दारापर्यंत जात नाही, जुन्या इमारतींना लिफ्ट नसते, आणि वीस किलोची बॅग पायऱ्यांवरून तुम्हीच न्यायची असते. वडीलधारी माणसं बरोबर असतील तर बाइशा, अवेनिदा किंवा सालदान्या भागात मेट्रोजवळ राहा. विमानतळापासून मेट्रोची लाल लाइन थेट शहरात येते, टॅक्सीच्या रांगेची गरज नाही.

२८ नंबरच्या ट्रामसाठी सकाळ घालवणं

ही ट्राम मार्तिं मोनिज चौकातून निघते, ग्रासा, अल्फामा, बाइशा, शियादो, इश्त्रेला करत कांपु द ओरिक भागात संपते. मार्ग अप्रतिम. पण दहा वाजता मार्तिं मोनिजला पोचलात तर रांग चौकाला वळसा घालून गेलेली असते, आणि आत उभं राहून समोरच्याच्या पाठीशिवाय काही दिसत नाही.

दोन उपाय आहेत. एक, सकाळी आठच्या आत चढा, किंवा उलट टोकाकडून, कांपु द ओरिकहून बसा. दुसरा मला जास्त आवडतो: ट्रामने फक्त ग्रासापर्यंत जा आणि तिथून तिच्याच रुळांच्या सोबतीने चालत खाली या. आधी सेन्योरा दु मोंत हा उंचावरचा सज्जा, मग ग्रासाचा, मग पोर्ताश दु सोल, सांता लुझिया आणि शेवटी जुनं कॅथेड्रल. थोडे चढउतार सोडले तर सगळा उतारच. मंगळवारी किंवा शनिवारी गेलात तर वाटेत सांता क्लाराच्या मैदानात जुना बाजार भरलेला असतो.

तिकीट ट्राममध्ये काढू नका, महाग पडतं. मेट्रो स्टेशनवर नावेगांत नावाचं कार्ड घ्या, त्यावर २४ तासांचा पास भरा. मेट्रो, बस, ट्राम सगळ्यांत चालतो. प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागतं, एका कार्डावर चौघं जात नाहीत.

पाकीटमारांचं या ट्रामशी जुनं नातं आहे. पाठीवरची सॅक पोटावर घ्या, पँटच्या मागच्या खिशात काही ठेवू नका. तरीही पाकीट गेलंच तर पहिल्या दहा मिनिटांत बँकेच्या अ‍ॅपवरून कार्ड बंद करा, मग रेश्तौरादोरेश चौकातल्या फोज राजवाड्यात पर्यटकांसाठीची पोलीस चौकी आहे, तिथे तक्रार लिहून घ्या. विम्यासाठी आणि पासपोर्ट गेला असेल तर भारतीय दूतावासात हा कागद लागतो. पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो आधीच स्वतःला मेल करून ठेवा. तातडीचा नंबर ११२.

सोमवारी बेलेमला जाणं

बेलेमचा जेरोनिमोस मठ सोमवारी बंद असतो. दारात उभी राहिलेली हिरमुसली कुटुंबं मी स्वतः पाहिली आहेत. सोमवार किल्ल्यासाठी ठेवा, तो उघडा असतो. बेलेमला इतर दिवशी, सकाळी दार उघडायच्या वेळी. १५ नंबरची ट्राम गच्च भरते. काइश दु सोद्रे स्टेशनवरून कश्काइशकडे जाणारी लोकल घ्या, थोड्याच मिनिटांत बेलेम येतं. बंद दाराशी पोचलातच तर चिडू नका. मठाचं दगडी कोरीवकाम बाहेरूनही तासभर पुरतं आणि नदीकाठ मोकळा आहे.

आणि एक चूक, जी फक्त आपल्याच लोकांसाठी सांगतो. बेलेमला काहीही माहीत नसताना जाऊ नका. मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची समाधी आहे. तो १५२४ साली कोचीत वारला, अवशेष नंतर पोर्तुगालला आणले. नदीकाठचं १९६० सालचं स्मारक त्या सफरींचा गौरव करतं. पण त्या सफरींचं दुसरं टोक आपल्या किनाऱ्यावर आहे: गोव्यातलं इन्क्विझिशन म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, चिमाजी अप्पांनी १७३९ साली घेतलेली वसई, १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झालेला गोवा. शक्य असेल तर जाण्याआधी एकदा वसईचा किल्ला बघून या. तिथली पडकी चर्च डोळ्यांत असताना जेरोनिमोसच्या कमानी बघाल, तर ते दगड फक्त फोटोपुरते उरत नाहीत.

जेवणाच्या टेबलावरच्या चुका

बसल्या बसल्या वेटर पाव, ऑलिव्ह, चीज, लोणी आणून ठेवतो. याला कूवेर म्हणतात. आपल्याला वाटतं पापड-लोणच्यासारखं जेवणातच धरलेलं असेल. नसतं. खाल्लं तर बिलात लागतं, हात लावला नाही तर लागू नये. नको असेल तर लगेच हसून परत द्या, कोणी वाईट वाटून घेत नाही. हवं असेल तर खुशाल खा, ऑलिव्ह फार छान असतात.

साडेचार वाजता जेवायला जाऊ नका. तीनच्या सुमारास बरीच स्वयंपाकघरं बंद होतात ती सात-साडेसातलाच उघडतात. मधल्या वेळी पाश्तेलारिया, म्हणजे बेकरी-कॅफे, हाच आधार. घरगुती चालीच्या छोट्या खाणावळींना ताश्का म्हणतात. त्यातल्या बऱ्याच रविवारी बंद असतात. दुपारी तिथे दिवसाचं ताट मागा, तेच सगळ्यात ताजं आणि परवडणारं. ‘दोझ’ म्हणजे पूर्ण वाढ आणि ‘मेया दोझ’ म्हणजे अर्धी; आपल्या खाण्याच्या हिशेबाने अर्धीही पुष्कळ होते. बाइशातल्या रुआ औगुश्ता या रस्त्यावर हातात फोटोंचं मेनूकार्ड घेऊन बोलावणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका. दोन गल्ल्या आत शिरा.

मासे खाणाऱ्यांनी भाव नीट वाचावा. ताजा मासा बऱ्याच ठिकाणी किलोच्या भावाने लिहिलेला असतो. आधी वजन करून किंमत विचारा. सार्डिन उन्हाळ्यातच मागा, जूनमध्ये तर १२ तारखेच्या रात्री संत अंतोनियोच्या उत्सवात सगळं अल्फामा सार्डिनच्या धुराने भरलेलं असतं. बाकल्याव म्हणजे खारवलेला कॉड. तो एक-दोन दिवस पाण्यात भिजवून मीठ काढतात. आपल्या सुक्या बोंबलाच्या वासाची कल्पना करून घाबरू नका. बारीक तळलेला बटाटा, कांदा आणि अंड्यात परतलेला ‘बाकल्याव आ ब्राश’ पहिल्यांदा खायला योग्य.

शाकाहाऱ्यांची अडचण खरी आहे. ‘भाजीचं सूप’ म्हणून आलेल्या हिरव्या काल्दो वेर्दमध्ये चकतीभर सॉसेज तरंगत असतं. साध्या सॅलडमध्ये ट्यूना निघतो. काचेच्या कपाटात दिसणारा शमुसा हा आपला समोसाच, पण आत बहुधा खिमा असतो. ओळखीचा चेहरा बघून फसू नका. वेटरला ‘शाकाहारी’ सांगून भागत नाही, ‘सें कार्न, सें पैश’ असं म्हणा: मांस नको, मासा नको. अंडं नको असेल तर ‘सें ओवु’. आणि प्रसिद्ध पश्तेल द नाता, म्हणजे कस्टर्ड भरलेली छोटी खुसखुशीत टार्ट, अंड्याच्या पिवळ्या बलकाशिवाय होतच नाही, हे कडक शाकाहारी मंडळींना आधीच सांगा.

मेनूकार्ड मात्र आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. पाव, बटाटा, कोबी, अननस, काजू हे शब्द आपल्याकडे तिथूनच आले. बाबांनी तर वाचता वाचता ‘बताता’वर बोट ठेवलं आणि वेटरकडे बघून ‘बटाटा’ म्हणाले. त्याला बरोबर समजलं.

घरच्यासारखं जेवण हवंच झालं तर लुमियार भागात राधाकृष्ण मंदिर आहे. तिथल्या हिंदू समाजाचं शाकाहारी भोजनगृह सर्वांना खुलं असतं. वेळा आधी विचारून जा. मोझांबिक आणि दीवमार्गे आलेल्या गुजराती कुटुंबांनी उभं केलेलं हे ठिकाण, वरण-भातासाठी तळमळणाऱ्या माणसाला फार मोठा दिलासा.

बेलेममधलं १८३७ सालापासूनचं पश्तेलचं दुकान: रस्त्यावर दिसणारी लांब रांग बहुतेक वेळा पार्सलची असते. आत एकामागून एक मोठी दालनं आहेत, तिथे बसायची जागा बरीच लवकर मिळते. गरम असतानाच दालचिनी भुरभुरून खा. डब्यात भरून हॉटेलवर नेऊन रात्री खाल्लं तर वरचे पापुद्रे मऊ पडतात आणि सगळी गंमत जाते.

फादो, म्हणजे इथलं पारंपरिक गाणं, ऐकायला गेलात तर गाणं सुरू असताना बोलू नका, काटा-चमचाही वाजवू नका. दिवे मंद होतात, तीच खूण. काही ठिकाणी किमान रकमेचं खाणं घ्यावंच लागतं, बसण्याआधी विचारा.

एटीएमवर ‘रुपयांत’ दाबणं

मशिन विचारतं, खात्यातून रक्कम रुपयांत कापायची की युरोत? नेहमी युरो. रुपयांचा दर त्या मशिनवाल्याचा असतो आणि तो तोट्याचा. बँकेचं, मल्टिबांको चिन्ह असलेलं मशिन वापरा. छोट्या ताश्कांत परदेशी कार्ड चालेलच असं नाही, थोडी रोकड हवी. हॉटेलात शहराचा कर वेगळा लागतो, १३ वर्षांवरील माणशी रात्रीला ४ युरो, जास्तीत जास्त सात रात्री. नळाचं पाणी प्यायला चालतं. आपल्या मोबाइल चार्जरची दोन गोल पिनांची टोकं तिथे बसतात, तीन जाड पिनांची बसत नाहीत.

सिंत्रा, काबु दा रोका आणि कश्काइश एकाच दिवसात

सिंत्रा हे डोंगरातलं राजवाड्यांचं गाव, काबु दा रोका हे समुद्रात घुसलेलं भूशिर आणि कश्काइश हे किनाऱ्यावरचं गाव. टूरवाले तिन्ही एका दिवसात विकतात म्हणून ते शक्य आहे असं नाही. रोसियो स्टेशनवरून सिंत्राची लोकल साधारण चाळीस मिनिटं घेते. पुढे ४३४ नंबरची बस पेना राजवाड्याकडे चढते, तीही भरलेली. राजवाड्याच्या तिकिटावर आत शिरायची वेळ छापलेली असते आणि ती चुकली तर आत सोडत नाहीत. बाहेरच्या फाटकापासून राजवाड्यापर्यंतचा चढ चालायला अर्धा तास धरा, म्हणजे फाटकाशी वेळेवर पोचणं पुरेसं नाही. आमची वेळ अशीच थोडक्यात वाचली.

सकाळची पहिली वेळ घ्या, पेना करा, दुपारी गावात जेवा, मग हवं तर रेगालेइराची बाग आणि तिथली खोल विहीर. एवढ्यात दिवस भरतो. वेळ चुकलीच तर वाद घालत बसू नका. त्याच डोंगरावर मूर लोकांचा जुना तटबंदी किल्ला आहे, तिथून पेना उलट जास्त सुंदर दिसतो. आणि लिस्बनला कडक ऊन असलं तरी जाकीट घ्या. समुद्रावरचं धुकं या डोंगरावर अडकतं, आम्ही जुलैमध्ये तिथे कुडकुडलो होतो.