पडौकच्या लाल भुशाला स्पिरिट लावू नका

आफ्रिकेतल्या कॅमेरून-गॅबॉनकडचं पडौक हे लाकूड म्हणजे आपल्या खानापूरच्या रानातल्या बिबळ्याचं चुलतभावंडच. कठीण, घट्ट, हवेतल्या दमटपणानं फारसं न फुगणारं-आकसणारं. रंध्याखालून निघतं तेव्हा शेंदरासारखं लालभडक दिसतं, बघत राहावंसं वाटतं. पाटाची किनार, पेटीचं झाकण, लेथवर कातलेली मूठ यांना उत्तम.

सांभाळायचा तो भुसा. बेळगावात आपण सवयीने घासकाम झालं की स्पिरिटच्या फडक्यानं पुसतो. पडौकला तसं केलं की रंग स्पिरिटमध्ये सुटतो आणि शेजारची फणसाची पांढुरकी-पिवळी पट्टी गुलाबी होऊन बसते. मी एक अख्खं झाकण असं घालवलंय. रंग लाकडाच्या रेषांत शिरला तो घासूनही निघाला नाही. म्हणून भुसा ब्रशनं किंवा व्हॅक्यूमनं काढा. चपड्याचं (लाखेचं) पॉलिशही स्पिरिटातलंच, तेव्हा दोन लाकडं जवळजवळ असतील तर पाण्यावरचं लॅकर घ्या. हा रंग पाण्यात जवळजवळ सुटत नाही.

मास्क लावाच, धूळ नाकाला झोंबते. आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगा: उन्हापासून दूर ठेवलं तरी ही लाली हळूहळू तपकिरी होणार.