आधी जॉइंटर, मगच प्लेनर

पिळलेली फळी थेट थिकनेस प्लेनरमध्ये (फळी एकसारख्या जाडीची रंधणाऱ्या यंत्रात) घालू नका. मी सुरुवातीला हेच करायचो. आतले रोलर फळी दाबून सपाट धरतात, पाती रंधतात आणि बाहेर येताच फळी पुन्हा पिळते. जाडी एकसारखी, पीळ तसाच!

म्हणून आधी जॉइंटर, म्हणजे फळीची बाजू सपाट आणि कड सरळ रंधणारं यंत्र. खोलगट बाजू खाली ठेवा, म्हणजे फळी दोन्ही टोकांवर टेकते, डुलत नाही. त्या बाजूवर मी पेन्सिलने आडव्यातिडव्या रेघा ओढतो आणि एका फेरीत जेमतेम अर्धा मिमी काढतो. मधली शेवटची रेघ पुसली गेली की बाजू सपाट झाली. फळी पात्यापलीकडे गेली की दाब पात्यापलीकडच्या टेबलावर द्या. पुश ब्लॉक (फळी ढकलायचे मुठीचे ठोकळे) हवेतच. उघडा हात पात्यावरून कधीही नेऊ नका. ३०० मिमीहून आखूड तुकडा मी जॉइंटरवर घेतच नाही.

मग सपाट बाजू फेन्सला (जॉइंटरच्या उभ्या आधारपट्टीला) टेकवून कड रंधा. गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून उजेडाकडे धरा. फट दिसली तर फेन्स चुकलाय.

आता प्लेनर, सपाट बाजू खाली. रेषे उपटले जात असतील तर फळीचं दुसरं टोक आधी घाला.