डोक्याच्या गोळ्या चालू झाल्यावर वजन वाढतंय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

धाकट्या भावाला ओलान्झापिन (भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजारावरची गोळी) चालू झालं तेव्हा घरात सगळ्यात खूश आई होती. महिनोन्महिने ताटावरून उठून जाणारा पोरगा चौथी पोळी मागायला लागला, मग काय, रविवारी गंगापूर रोडला मिसळ, संध्याकाळी चिवडा, झोपताना साखर घालून दूध, "अंगाला लागतंय गं त्याच्या" असं मावशीला फोनवर सांगणं. पँटचं बटण लागेना तेव्हा कुठे आमची ट्यूब पेटली.

आणि तेव्हा कळलं की सुरुवातीला वजन किती होतं ते कुणालाच माहीत नाही. ही पहिली चूक. गोळी चालू होतानाच वजन, कंबर, बीपी, उपाशीपोटी शुगर आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) करून ठेवा, नाहीतर पुढचे आकडे कशाशी ताडून बघणार? मग वजन ४, ८ आणि १२ आठवड्यांनी (आम्ही दर रविवारीच करतो), शुगर-बीपी-लिपिड ३ महिन्यांनी आणि नंतर निदान वर्षातून एकदा. मूळ वजनाच्या ५ टक्के वाढलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलो, की पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता डॉक्टरांना सांगायचं. कंबर पुरुषाची ९० सेंटीमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर गेली तरी तेच, आणि टेप शर्टावरून लावू नका.

दुसरी चूक माझी. "किती खातोस रे, हावरट झालायस" असं मी त्याला चारचौघांत बोललो होतो. नंतर समजलं की हे औषध मेंदूतल्या हिस्टामिन आणि सेरोटोनिन या रसायनांचे काही रिसेप्टर, म्हणजे ती जिथे जाऊन काम करतात त्या जागा, अडवतं, त्यामुळे भूक वाढते आणि पोट भरल्यासारखं वाटतच नाही. जिभेचे चोचले नाहीत ते. त्याला टोकून काही होत नाही, घरात काय आणून ठेवता त्यावर सगळं आहे. बऱ्याच जणांचं तोंडही कोरडं पडतं, मग दिवसभर कोल्ड्रिंक नाहीतर उसाचा रस! पाणी आणि पातळ ताक हाताशी ठेवा.

सगळ्यात महागात पडलेली चूक म्हणजे वजनाला घाबरून आम्ही कुणाला न विचारता गोळी अर्धी केली. महिनाभरात तो पुन्हा रात्र रात्र जागा, भिंतीशी बोलतोय. अहो, विचारलं असतं तर मार्ग होते. अरिपिप्राझोल, लुरासिडोन या त्याच प्रकारच्या दुसऱ्या औषधांनी वजन सहसा कमी वाढतं, कधी जोडीला मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी देतात, पण ही अदलाबदल हळूहळू आणि डॉक्टरांनीच करायची. क्लोझापिन हे याच प्रकारचं औषध तर बहुतेक वेळा आधीची दोन औषधं लागू पडली नाहीत की मगच देतात, त्यामुळे ते बदलणं अजून अवघड.

"आमचा तर बारीकच आहे" यावरही जाऊ नका, वजन न वाढताही शुगर वाढू शकते. खूप तहान, सारखं लघवीला, उगाच थकवा असं दिसलं की लगेच टेस्ट. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे काठावर, १२६ किंवा जास्त पुन्हा तपासूनही आलं तर डायबिटीस.

सिगरेटचं मात्र कुणी सांगत नाही. ओलान्झापिन किंवा क्लोझापिन घेणाऱ्याने सिगरेट एकदम सोडली तर रक्तातलं औषध वाढतं, कारण धुरामुळे लिव्हर ते भराभर संपवत असतं. सोडाच, पण डॉक्टरांना आधी सांगून.

आणि शुगरच्या डॉक्टरपासून या गोळ्या लपवू नका. आम्ही लाजेपायी लपवल्या होत्या, आता स्ट्रिपचा फोटो सरळ पुढे करतो.

व्यायामाला पहाटे उठवायचा हट्टही सोडला, रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी असतेच. संध्याकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर दोघं चालतो, सुरुवातीला एकच राऊंड व्हायचा. रविवारचं वजन तो स्वतःच कॅलेंडरवर लिहितो, आकड्यावर कुणी कॉमेंट करायची नाही ही त्याची अट आहे आणि आईलाही ती लागू आहे.