मिक्सरमध्ये ग्राफाइटचे नॅनोशीट कसे काढायचे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं प्रोजेक्टला ग्राफीन, म्हणजे ग्राफाइटचा एका अणूएवढा पातळ थर, घेतो म्हणतात आणि मशीन कुठलं आणायचं म्हणून तिथंच अडकतात. मशीन नको, ४०० वॅटच्या वरचा मिक्सर बास होतंय, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजवाल्यांनी २०१४ ला हे भांडी घासायचं लिक्विड घालून करून दाखवलंय. ग्राफाइटच्या थरांत अंतर ०.३३५ नॅनोमीटर, थराथरातली पकड एकदम कमी, त्यामुळं पाणी जोरात घुसळलं की थर एकमेकावरनं सरकून पातळ पापुद्रे, म्हणजे नॅनोशीट, सुटतात, आणि साबण त्यांच्या अंगाला चिकटून परत एकत्र येऊ देत नाही.

पावडर बघून घ्या. बेळगावच्या उद्यमबाग इंडस्ट्रियल एरियातल्या फौंड्रीत साच्याला लावायचं ग्राफाइट सहज मिळेल, पण त्या लेपात माती नाहीतर बाइंडर असू शकतंय, म्हणून लॅब केमिकलच्या दुकानातनं शुद्ध फ्लेक (पापुद्र्याचं) ग्राफाइट आणा.

अर्धा लिटर पाणी, २० ग्रॅम पावडर, १० मिली लिक्विड. एक मिनिट फिरवा, मोटर थंड होऊ द्या, परत फिरवा, असं करत एकूण २०-३० मिनिटं भरू देत. फेस लई येतो, भांडं अर्धंच भरा. पावडर ओतताना मास्क पाहिजेच, आणि ते भांडं परत चटणीला वापरायचं नाही म्हणजे नाही. पाण्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल मिक्सरमध्ये घालू नका, मोटरच्या ठिणगीनं पेट घेईल.

आता खरं काम. ते काळं पाणी म्हणजे ग्राफीन नव्हे हो, त्यात बहुतेक जाड ग्राफाइटच असतंय! रात्रभर तसंच ठेवा, हलवू नका, सकाळी वरचं पाणी सिरिंजनं हळू काढा, तळाला हात लावू नका. कॉलेजात सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून जड कण तळाला बसवणारं मशीन) असला तर १५०० आरपीएमला ४५ मिनिटं, ते केव्हाही चांगलं. तळाचा गाळ टाकू नका, परत मिक्सरला घाला.

वरच्या पाण्यात लेझर मारला आणि उजेडाची रेघ दिसली म्हणून जमलं असं लिहू नका, त्यानं कण तरंगतायत एवढंच कळतंय, जाडी नाही. जाडीसाठी एएफएम (बारीक सुईनं पृष्ठभाग मोजणारा मायक्रोस्कोप), नाहीतर रामन स्पेक्ट्रममध्ये (लेझर मारून परत विखुरलेला उजेड मोजायची चाचणी) २७०० cm⁻¹ च्या आसपासच्या पीकचा आकार, मूळ पावडरच्या पीकशेजारी ठेवून बघा. सॅम्पल वाळवून पावडर करून नेऊ नका, वाळलं की थर परत चिकटतात, पाण्यातच न्या आणि काचेवर थेंब तिथंच सोडा.