मालकाने हात उचलला तर

धंदा करणाऱ्या बाईला गिऱ्हाईक मारतं तेव्हा गल्ली धावून येते. मालकाने, म्हणजे तिच्यासोबत नवऱ्यासारखं राहणाऱ्या माणसाने, मारलं की ‘घरचं भांडण’ म्हणत दार लोटलं जातं. म्हणून शेजारणीशी आधीच खूण ठरवा: भिंतीवर तीन थापा, की तिने ११२ लावायचा. आधार, पासबुक, औषधं तिच्याकडेच ठेवा.

गळा दाबला असेल, तर वरून काही दिसत नसलं तरी लगेच सरकारी दवाखाना गाठा. आवाज बसणं, गिळताना दुखणं ही धोक्याची लक्षणं. केसपेपरवर कोणी, कशाने मारलं ते लिहून घ्या. ‘पडले’ म्हणालात तर केस तिथेच ढिली होते. वळांचे फोटो त्याच दिवशी काढा, दोन दिवसांनी पुन्हा. तेव्हा ते जास्त काळेनिळे दिसतात. कंडोमशिवाय जबरदस्ती झाली असेल, तर एचआयव्ही रोखणाऱ्या पीईपीच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हायलाच हव्यात, पुढे २८ दिवस.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा लग्नासारख्या नात्यालाही लागतो. एकत्र राहिल्याचा पुरावा जपा: भाडेकरार, मुलाच्या दाखल्यावरचं बापाचं नाव. त्याची लग्नाची बायको असेल, तर हा दावा बऱ्याचदा अडतो. मग सरळ मारहाणीची फिर्याद द्या. फुकट वकिलासाठी १५१०० या नंबरवर फोन करा.